दप्तराची भाषा आणि रयतेची भाषा

आमच्या हदगाव तालुक्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. पावसाळ्याचे दिवस सोडले तर ती कोणाला अडवील अशी नदी नव्हे. अलीकडे हदगाव, पलीकडे उमरखेड. दोन्ही काठांची काळी माती तीच, ज्वारी-कापूस तोच, लेकी-सुना एकमेकांच्या गावी दिलेल्या, आणि जात्यावरची बोलीही तीच. तरी जवळजवळ शंभर वर्षे या लहानशा नदीने दोन जगे वेगळी ठेवली होती. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि पैनगंगा ही सरहद्द झाली. पलीकडे कल्दार रुपया, तर अलीकडे हाली शिक्का. पलीकडे इसवी सन, तर अलीकडे फसली. माल नदी ओलांडू लागला की करोडगिरीचा नाकेदार वाटेत उभा. परंतु या सर्वांहून खोल असा एक फरक होता. पलीकडचा मुलगा चौथीच्या पुढेही मराठी शाळेत बसू शके. अलीकडच्या मुलाची मराठी चौथीच्या उंबरठ्यावर थांबे. पुढचे सगळे शिक्षण उर्दूतून.

दिवाळीच्या दिवसांत, फराळाच्या ताटासमोर, वाचकांना राजभाषेचा इतिहास सांगत बसणे म्हणजे करंजीत खडा घालण्यासारखे आहे, हे मला कळते. मी पदवीधर संशोधकही नव्हे. मॅट्रिकनंतर शिक्षकाची पदविका घेतली, दिवसा मुलांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. पण कादंबरी लिहिणाऱ्याला एक खोड लागते. लढाई कोणी जिंकली यापेक्षा लढाईनंतर शेतसाऱ्याची पावती कोणत्या भाषेत मिळाली, आणि ती घरात कोणाला वाचता आली, याचे कुतूहल त्याला अधिक असते. शाळेच्या इतिहासात राजांची नावे आहेत, तहांची कलमे आहेत. दप्तराच्या भाषेचा इतिहास मात्र कुठे सलग सापडत नाही. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना तो ठाऊक असायला हवा, कारण तो आमच्या पूर्वजांच्या अंगावरून गेलेला आहे.

देवगिरीच्या यादवांच्या काळी मराठीने शिलालेखांत आणि राज्यकारभारात प्रवेश केला होता. पुढे १३४७ साली बहमनी राज्य झाले आणि दरबारात फारसी आली. ती आली तरी गावात पोचली नाही. सारा गोळा करायचा तर पाटील-कुलकर्णी लागत, आणि कुलकर्ण्याची वही मोडी मराठीत असे. या व्यवहाराची जाण सर्वांत आधी ज्या राजांना झाली त्यांत विजापूरचा पहिला इब्राहीम आदिलशहा होता. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने राज्याचे हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत ठेवण्याचा हुकूम केला, असे फेरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. आदिलशाहीतील कित्येक कागद आजही पाहायला मिळतात. वर फारसी मजकूर, आणि त्याच कागदावर खाली मोडीत त्याचा मराठी तर्जुमा. हा कागद मला फार शहाणा वाटतो. बादशहाने आपली भाषा सोडली नाही, पण ती समजून घेण्याचे ओझे रयतेवरही टाकले नाही. दोन भाषा जाणणारा कारकून दप्तरात बसवला आणि त्याचा पगार खजिन्यातून दिला.

या एका गोष्टीकडे वाचकांनी नीट लक्ष द्यावे. राज्यात दोन भाषा, तीन भाषा असणे हे आपल्या देशात मुळीच नवल नाही. प्रश्न असतो तो इतकाच, की दोन भाषा शिकण्याचे ओझे दप्तराने उचलायचे की रयतेने? राजभाषेचा सगळा न्याय-अन्याय या एका प्रश्नात सामावलेला आहे.

शिवछत्रपतींनी १६७४ च्या राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दहा वर्गांत सुमारे चौदाशे फारसी-दख्खनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. स्वराज्याला स्वतःची भाषा असावी, हा त्यामागचा विचार मोठा होता. पण भाषेचा स्वभाव पाहा. मुख्य प्रधानाला लोक पेशवेच म्हणत राहिले, आणि अर्ज, वकील, जमीन, दप्तर हे शब्द आज मराठी नव्हेत असे कोणी म्हटले तर आपण त्याच्याकडे वेड्यासारखे पाहू. तात्पर्य, शब्द परके असल्याने रयत दूर राहत नाही. सगळा कागदच परका झाला, म्हणजे ती दूर राहते.

आता हैदराबादकडे येऊ. आसफजाही राज्यात दरबाराची आणि कचेऱ्यांची भाषा प्रारंभी फारसी होती. पहिल्या सालारजंगाने, म्हणजे १८८३ पर्यंत, ती टिकवली. त्याच्या मृत्यूनंतर, १८८४ पासून, फारसीची जागा उर्दूला देण्यात आली. फारसीच्या मानाने पाहता हे पाऊल लोकांच्या जवळ येणारे होते, हे मान्य केले पाहिजे. उर्दू ही या मातीला अगदी परकी भाषा नव्हे. तिचे दख्खनी रूप याच मुलखात वाढले. वली आणि सिराज हे तिचे मोठे कवी औरंगाबादचे. आमच्या बाजारात आजही अत्तार, बागवान, मण्यार यांच्या तोंडी जी भाषा ऐकू येते ती इथलीच आहे. परंतु कचेरीतली उर्दू ही बाजारातली दख्खनी नव्हती. ती उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या अंमलदारांची, फारसी समासांनी जडवलेली भाषा होती. या बाहेरून आलेल्या अंमलदारांविरुद्ध खुद्द हैदराबादचे उर्दू बोलणारेही कुरकुरत. 'मुल्की' आणि 'गैरमुल्की' हा तंटा त्यातूनच निघाला.

आणि हे राज्य कोणाचे होते? १९३१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्याची लोकसंख्या १ कोटी ४४ लाख होती. त्यात शंभरी सुमारे ४८ लोक तेलुगू बोलणारे, २६ मराठी, ११ कानडी आणि १० उर्दू. म्हणजे दहांच्या भाषेत नव्वदांचा कारभार. जिल्ह्याचा मुख्य तो अव्वल तालुकदार, तालुक्याचा तो तहसीलदार, न्याय मुन्सफाकडे. शाळेच्या पायऱ्या तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया. महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे. ज्याला चैत्र-वैशाखावर पेरण्या करायच्या, त्याला कोर्टाची तारीख बहमन महिन्याची मिळे. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, हा हिशेब माझ्या आजोबांना मरेपर्यंत तोंडपाठ होता.

अशा राज्यात एक नवा व्यवसाय भरभराटला, तो अर्जनवीसाचा. कचेरीच्या आवारात झाडाखाली चटई टाकून तो बसे. कोणाला तगाई हवी, कोणाचा बांध कोरला, कोणाचा बैल कोंडवाड्यात गेला. प्रत्येकाने आपले दुःख आधी त्याला मराठीत सांगायचे, मग तो ते उर्दूत उतरवायचा. काय उतरवले हे सांगणाऱ्याला कळत नसे. त्याने खाली डाव्या अंगठ्याचा ठसा द्यायचा आणि लिहिणावळ मोजायची. न्याय मिळो न मिळो, आपलेच म्हणणे आपल्याला विकत घ्यावे लागे. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरी दहा माणसेसुद्धा साक्षर निघाली नाहीत. याचे सगळे पाप एका उर्दूच्या माथी मारणे बरोबर नाही. जहागिरी होत्या, दारिद्र्य होते, शाळाच थोड्या होत्या. परंतु ज्या मुलाला चौथीनंतर ओळखीची सगळी अक्षरे टाकून उजवीकडून डावीकडे नव्याने गिरवायला बसायचे, त्याच्यापुढे शेताची वाट अधिक सोपी होती हे उघड आहे.

इथे या कथेला एक विलक्षण वळण आहे. हिंदुस्थानात कलकत्ता, मुंबई, मद्रास, सगळी विद्यापीठे इंग्रजीतून शिकवीत असता, हिंदी भाषांपैकी एकीतून सर्व उच्च शिक्षण देणारे पहिले विद्यापीठ निघाले ते हैदराबादेत. १९१७ साली सातव्या निजामाने त्याला मंजुरी दिली, १९१८ साली उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली आणि १९१९ साली वर्ग भरू लागले. त्याच्या जोडीला दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतराचे खाते उघडले. औरंगाबादेत राहून उर्दूची सेवा करणारे मौलवी अब्दुल हक त्यात अग्रभागी होते. रसायन, गणित, कायदा यांची पुस्तके उर्दूत आली. पुढे वैद्यक आणि इंजिनिअरिंगही उर्दूतून शिकवले गेले. देशी भाषेत ज्ञान येऊ शकते, हे उस्मानियाने करून दाखवले. रवींद्रनाथांसारख्यांनी या कल्पनेचे स्वागत केले ते उगाच नव्हे. आज आपण मराठीतून वैद्यक शिकवण्याच्या गोष्टी बोलतो, त्यांनी हे जुने उदाहरण जरूर अभ्यासावे.

पण तेलंगणातल्या आणि मराठवाड्यातल्या मुलाला ही देशी भाषा इंग्रजीइतकीच शिकून घ्यावी लागे, वर इंग्रजी सक्तीची होतीच. इंग्रजीच्या जोखडातून सुटण्यासाठी उभारलेले हे घर. त्यात राहायला जाताना नव्वद लोकांना दुसरे जोखड घालून घ्यावे लागले. हेतू मोठा असला म्हणजे अन्याय होत नाही, असे नव्हे. राजभाषा ठरवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य टेबलावर लिहून ठेवावे.

आमचे लोक स्वस्थ बसले नाहीत. १९०७ च्या सुमारास हैदराबादेत विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यात नूतन विद्यालय अशा शाळा निघाल्या. १९२० साली 'निजाम विजय' हे मराठी साप्ताहिक सुरू झाले, १९२२ साली हैदराबादेत मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. १९३१ साली तर खुद्द निजामाच्या राजधानीत मराठी साहित्य संमेलन भरले. ज्ञानकोशकार केतकर त्याचे अध्यक्ष होते. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. 'गश्ती निशान ५३' नावाचा हुकूम होता. त्यामुळे साधी सभा घ्यायची तरी आधी परवानगी लागे. मग ग्रंथालय, गणेशोत्सव आणि शाळा हीच राजकारणाची घरे झाली. आ. कृ. वाघमारे यांचे 'मराठवाडा' पत्र पुण्याहून निघे. बंदी आली की नाव बदलून पुन्हा येई. १९३८ साली औरंगाबादच्या कॉलेजापासून उस्मानियाच्या वसतिगृहांपर्यंत वंदे मातरम्‌ गाण्यावरून शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले.

हा अभिमानाचा इतिहास आहे आणि तो आपण दर १७ सप्टेंबरला सांगतो. पण त्याच काळातली एक घटना आपण सांगत नाही, ती मी मुद्दाम सांगणार आहे. १९२१ च्या नोव्हेंबरात विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्यातील सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे. भाषणे इंग्रजी, उर्दू, मराठीत चाललेली. अल्लमपल्ली वेंकट रामराव नावाचे वकील उठले आणि आपल्या मातृभाषेत, तेलुगूत, बोलू लागले. श्रोत्यांत पुष्कळ मराठी मंडळी होती. त्यांनी टाळ्या पिटल्या, आरडाओरड केली, आणि त्या गृहस्थांना खाली बसावे लागले. राज्यातल्या निम्म्या लोकांची ती भाषा! दुखावलेले तेलुगू तरुण लगेच एकत्र आले आणि आंध्र जनसंघ स्थापन झाला. माडपाटी हनुमंतराव, बुर्गुल रामकृष्णराव अशी पुढे मोठी झालेली माणसे त्यात होती. तेलंगणाच्या जागृतीचा आरंभ इथून धरतात.

विचार करा. कचेरीत ज्यांच्या भाषेला जागा नव्हती, तेच लोक सभागृहात दुसऱ्याच्या भाषेला जागा देत नव्हते. अन्याय सोसला म्हणून माणूस न्यायी होतोच असे नाही. कित्येकदा तो एवढेच शिकतो, की पुढच्या वेळी खुर्चीवर आपण बसावे.

सुदैवाने दुसऱ्या जातीची माणसेही याच मातीत होऊन गेली. वसमत तालुक्यातल्या पुरजळचे केशवराव कोरटकर उर्दूत वकिली करून हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि मराठी शाळांसाठी झिजले. स्वामी रामानंद तीर्थ जन्माने कर्नाटकातल्या सिंदगीचे. पण हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांत मराठी मुलांना शिकवीत ते मराठवाड्याचे झाले आणि तिन्ही भाषांच्या लोकांनी त्यांना नेता मानले. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. उर्दू आणि फारसीवरील त्यांचे प्रभुत्व आपण जाणतो. पण या अंमलदाराने कोलामी भाषेचे व्याकरणही लिहिले, हे थोड्यांना माहीत असते. नागपूर विद्यापीठाकडे वळलेल्या हैदराबादी तरुणांत पी. व्ही. नरसिंहराव होते, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली, आणि पुढे १९८४ व १९८९ साली रामटेकच्या मराठी मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवले. हैदराबाद राज्याने लादलेली बहुभाषिकता वाईट होती. परंतु माणसांनी आपखुशीने कमावलेली बहुभाषिकता हे त्या राज्याचे खरे वैभव होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद राज्य भारतात सामील झाले. त्या आनंदाच्या दिवसांना एक काळी किनार आहे. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या जिल्ह्यांत मुसलमान वस्तीची सर्वाधिक हानी झाल्याचे नोंदवले, त्यांत आमचा नांदेडही होता. रझाकारांच्या पापाचे माप त्यांच्याशी ज्यांचा संबंध नव्हता अशा कित्येक घरांना भरावे लागले. आणि लोकांच्या मनात उर्दू ही भाषा न राहता जुन्या राजवटीची खूण होऊन बसली. उस्मानियाची उर्दू गेली, तिच्या जागी मराठी-तेलुगू आली नाही, इंग्रजी आली. हाही इतिहासाचा एक विनोदच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि मराठवाडा मुंबईच्या विशाल द्विभाषिकात आला. आमच्या जिल्ह्याचे तर तुकडे पाडून पुन्हा शिवण घातली गेली. नांदेडचे मुधोळ, भैंसा आणि कुबेर. तसेच देगलूर तालुक्यातले बिचकुंदा आणि जुक्कल आंध्रात गेले. आदिलाबादचे किनवट आणि इस्लापूर इकडे आले. रेघ भाषेवरून ओढली खरी, पण माणसे रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन्ही भाषा बोलत होती आणि अजूनही बोलतात. देगलूर-धर्माबादच्या बाजारात मराठी आणि तेलुगू एकाच वाक्यात सुखाने नांदतात. मराठी-गुजरातीचे द्विभाषिक १ मे १९६० रोजी संपले, महाराष्ट्र झाला, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला आणि अखेर मराठी ही दप्तराची भाषा झाली. तिच्यासोबत एक गंमतही झाली. पुणे-साताऱ्याकडे तालुक्याच्या अधिकाऱ्याला मामलेदार म्हणत. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने सगळ्या राज्यासाठी शब्द घेतला तो तहसीलदार. पुण्याच्या कचेरीत आमच्याकडचा शब्द जाऊन बसला, आणि त्याने कोणाची मराठी बाटली नाही.

या पाठोपाठ जगाकडेही नजर टाकू. बाहेरून आलेल्या लोकांनी वसवलेली राष्ट्रे हा प्रश्न कसा सोडवतात? अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ च्या जुलैत निघाला आणि त्याच महिन्यात फिलाडेल्फियात त्याचे जर्मन भाषांतर छापले गेले, कारण तिथे जर्मन शेतकऱ्यांची मोठी वस्ती होती. जवळजवळ अडीचशे वर्षे त्या राष्ट्राने कोणतीही अधिकृत भाषा ठरवली नाही. १ मार्च २०२५ रोजी अध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी अधिकृत झाली. आणि त्याच आदेशाने २००० सालचा एक जुना आदेश रद्द झाला. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही सरकारी सेवेचा लाभ घेता यावा, अशी सोय त्या जुन्या आदेशाने सांगितली होती. पहिल्या गोष्टीची चर्चा फार झाली. मला दुसरी अधिक बोलकी वाटते. उलट कॅनडाने १९६९ साली इंग्रजी आणि फ्रेंच या दोहोंना समान दर्जा देणारा कायदा केला. त्याचे मर्म असे, की प्रत्येक नागरिकाने दोन भाषा शिकाव्यात अशी सक्ती नाही; सरकारने दोन्हींत उत्तर द्यावे ही सक्ती आहे. आदिलशाही कागदाचाच हा नवा अवतार. मात्र या दोन पाहुण्यांच्या मांडवात मूळच्या आदिवासींच्या भाषा विसरल्या गेल्या. त्यांच्यासाठी कायदा यायला २०१९ साल उजाडले.

ही परदेशची गोष्ट ऐकताना मला माझा वर्ग दिसतो. आमचा भागही एका अर्थी येऊन वसलेल्यांचाच आहे. सैन्यांना धान्य पुरवीत लमाणांचे तांडे आले, नांदेडला गुरुगोविंदसिंगांच्या समाधिस्थानी पंजाबी आली, मारवाडी पेढ्या आल्या, तेलंगणातून विणकर आले. आणि किनवटच्या डोंगरात गोंड-कोलाम तर सर्वांच्या आधीचे. तांड्यावरचे सहा वर्षांचे मूल पहिल्या दिवशी शाळेत येते तेव्हा त्याच्या तोंडी गोरमाटी असते. मी "बस, पाटी काढ" म्हणतो, आणि ते माझ्या तोंडाकडे पाहते. त्याच्या डोळ्यांत जे असते तेच १९३० साली वस्तानियात पाऊल टाकणाऱ्या मराठी मुलाच्या डोळ्यांत असले पाहिजे. त्याला मराठी आलीच पाहिजे, याबद्दल मला शंका नाही. तिच्यावाचून त्याचे या राज्यात अडेल. पण तिथपर्यंतचा पूल कोणी बांधायचा? आपल्या राज्यघटनेत १९५६ साली ३५०-क हे कलम घातले गेले. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. महाराष्ट्रात उर्दू, तेलुगू, कानडी, गुजराती शाळा आहेत आणि बालभारती आठ भाषांत पुस्तके छापते, ही भूषणाची गोष्ट आहे. गोंडीच्या बाबतीतही इतिहास अगदी कोरा नाही. १९४३ साली निजामाच्याच राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलवाई येथे, हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे केंद्र निघाले आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. किनवट तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. ज्या राजवटीला आपण भाषेसाठी दोष देतो, तिच्या एका कोपऱ्यात हे घडले होते.

२०२५ साली पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा निर्णय एप्रिलात झाला, त्यावर महाराष्ट्र पेटला, आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. लहान मुलाच्या पाठीवर आणखी एक भाषा नको, हे म्हणणे मला पटले. पण त्या गदारोळात तांड्यावरच्या मुलाच्या पाठीवर पहिल्या दिवसापासून एक जास्तीची भाषा असते, हे म्हणणारे फार थोडे होते.

आणि आता जुन्या कागदांची पाळी. २०२३ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तहसिलींतली निजामकाळची दप्तरे बाहेर निघाली, आणि मग लक्षात आले की ती उर्दूत आणि मोडीत आहेत. ज्यांचे भवितव्य त्या कागदांवर टांगलेले, त्यांना त्यातले अक्षर वाचता येईना. वाचणारे शोधत फिरावे लागले. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. पण पाऊणशे वर्षांत आपण आपलेच दप्तर वाचण्याची विद्या घालवून बसलो, हे त्या शोधाने दाखवून दिले.

आमच्या घरीही पत्र्याच्या पेटीत काही कागद होते. त्या दिवसांत मीही ते गावातल्या एका वृद्ध, निवृत्त उर्दू शिक्षकांकडे नेले. त्यांनी चष्मा पुसला, एक कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "गुरुजी, ही अर्जी तुमच्या पणजोबांची हाय. फसली तेराशे एकोणपन्नास. बैल मेला म्हणून तगाई मागितली त्यांनी."

"आणि काय लिहिलंय, चाचा?"

ते हसले. "बाकी सगळी हुजुरांची तारीफ हाय. बैलाची एकच ओळ."

खाली निळसर अंगठा होता. पणजोबांनी बैलाचे दुःख किती वेळ सांगितले असेल कोण जाणे. कागदावर आली ती एक ओळ, आणि तीही त्यांना वाचता आली नाही. तगाई मिळाली की नाही, हे त्या कागदावर नाही. चाचांनी लिहिणावळ घेतली नाही. चहा मात्र त्यांनीच पाजला.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झाला. पण भाषा मोठी झाली याची खरी खूण मला दुसरीकडे दिसते. पैनगंगेच्या दोन्ही काठांना आज एकच मराठी दप्तर आहे. त्या दप्तरात गोरमाटी किंवा गोंडी बोलणारी म्हातारी आपला अर्ज घेऊन आली, तर तिला झाडाखालचा अर्जनवीस शोधावा लागू नये. तिचे म्हणणे समजणारा एक माणूस सरकारी पगारावर आत बसलेला असावा. प्रत्येक तालुक्यात दोन-चार मराठी मुलांनी उर्दू आणि मोडी लिपी शिकावी, म्हणजे आपल्या पणजोबांचे कागद आपल्याला वाचता येतील. यंदा दिवाळीच्या सुटीत मी एक वही घातली आहे. तांड्यावरच्या एका माजी विद्यार्थिनीकडून गोरमाटी शब्द लिहून घेतो आहे. पहिलीच्या वर्गात पहिल्या दिवशी लागतील एवढेच शब्द: बस, ये, पाणी, भूक, आई, घर, भिऊ नको. शंभर भरले की पुरे. शाळा उघडेपर्यंत ते पाठ व्हायला हवेत.